गावच्या निधीचे वाटप तरुण मुलामुलींनी ठरवावे, यासाठी काय करावे लागेल?

येरळाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमचे गाव आहे आणि तेथील एका नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचा मी विश्वस्त आहे. आमच्या भागातील पुष्कळ घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यावर उभी राहिली. ही मंडळी तामिळनाडूपासून बंगालपर्यंत विखुरलेली असली, तरी यात्रेला गावी येतात आणि गावासाठी सढळ हाताने देणगी देतात. त्या पैशांतून हायस्कूलच्या खोल्या झाल्या, देवळाचा जीर्णोद्धार झाला, वेशीवर कमान उभी राहिली. आता न्यासाकडे दरवर्षी काही रक्कम शिल्लक राहू लागली आहे. त्यातील दोन लाख रुपये वेगळे काढावेत आणि गावातील कोणत्या कामाला, किती व कोणत्या अटीवर ते द्यायचे, याचा निर्णय चौदा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींच्या समितीने घ्यावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे.

बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी स्पष्ट विरोध केला. पोरांच्या हाती पैसा देण्यापेक्षा त्यांच्यासाठी वक्तृत्व स्पर्धा भरवा, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी स्वतः हायस्कूलसाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या काळजीला मी हलके मानत नाही. तरीही एक गोष्ट मला सतत खटकते. गावच्या कोणत्याही कार्यात तरुणांनी खुर्च्या लावायच्या, पंगतीत वाढायचे, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचे, आणि जमलेला पैसा कोठे जावा हे ठरवायच्या वेळी मात्र त्यांना कोणी बोलावत नाही. अशा रीतीने वाढलेला मुलगा चाळिशीत देणगीदार होतो, तेव्हा त्यालाही कमानीपलीकडे काही सुचत नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांनी घेतलेला निर्णय कायद्याने चालेल का? गावात दोन गट आहेत, तेव्हा समिती कोणाची म्हणून ओळखली जाणार नाही अशी निवड कशी करावी? आणि आमच्याकडील बरीच मुले शाळा संपताच गलाईच्या दुकानावर परगावी जातात. त्यांना या कामात कसे धरून ठेवावे? ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जमाखर्च

मी न्यासांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून कायद्यापुरते लिहितो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही, त्यामुळे तिला विश्वस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याची गरजही नाही. विश्वस्त मंडळाने ठराव करून सल्लागार समिती नेमावी. तिच्या शिफारशी मंडळापुढे याव्यात, मंडळाने मंजुरी द्यावी आणि चेकवर नेहमीच्याच विश्वस्तांच्या सह्या असाव्यात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल करावा लागतो. सल्लागार समितीच्या सदस्यांसाठी तसे काही करावे लागत नाही.

पैसा मात्र न्यासपत्रातील उद्देशांच्या चौकटीतच खर्च झाला पाहिजे, आणि ही चौकट मुलांना पहिल्याच बैठकीत वाचून दाखवावी. उदाहरणार्थ, भजनी मंडळाचा पखवाजासाठी अर्ज येईल. तुमच्या न्यासाला ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता असेल, तर धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, हे मुलांना आधी माहीत असले म्हणजे नंतर मंडळाने निर्णय फिरवला असे त्यांना वाटत नाही. ज्या तरुण मंडळाची किंवा बचत गटाची नोंदणी किंवा बँक खाते नाही, त्यांच्या हाती रोख रक्कम न देता न्यासाने दुकानदाराला परस्पर पैसे द्यावेत आणि पक्के बिल न्यासाच्या नावाने घ्यावे. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊ नये.

गावातील कोणी परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी या निधीत घेण्यापूर्वी थांबा. मूळ गाव कोणतेही असो, परकीय नागरिकाने दिलेला पैसा परकीय अंशदान ठरतो आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला अनुदान म्हणून देता येत नाही. चेन्नई, कोइमतूरच्या देणगीदारांबाबत हा प्रश्नच नाही.

माझे स्वतःचे मत असे आहे की अंतिम अधिकार मंडळाने पूर्णपणे स्वतःकडे ठेवावा. जबाबदारी विश्वस्तांची आहे आणि चौकशी झाली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते.

मिशिगनकर

मी अनेक वर्षे अमेरिकेच्या मिशिगन राज्यात राहते. तेथे हे काम तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे, म्हणून त्याची घडण कशी झाली ते सांगते. तेथील बऱ्याच परगण्यांत सामुदायिक प्रतिष्ठाने आहेत: गावकऱ्यांच्या देणग्यांचा कायमचा निधी असतो आणि त्याच्या उत्पन्नातून स्थानिक कामांना अनुदान मिळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बॅटल क्रीक येथील केलॉग फाउंडेशनने या प्रतिष्ठानांपुढे एक प्रस्ताव ठेवला. तुम्ही उभ्या केलेल्या दर दोन डॉलरमागे आम्ही एक डॉलर देऊ. मात्र आमचा डॉलर तरुणांसाठीच्या कायम निधीत जाईल आणि त्याच्या वाटपाची शिफारस तरुणांची समिती करील, अशी ती अट होती. त्यातून राज्यभर शाळकरी मुलांच्या सल्लागार समित्या उभ्या राहिल्या. मुलांच्या शहाणपणावर तेव्हा सर्वांचा विश्वास होता असे मुळीच नाही. पैसा हवा असेल तर समिती नेमावी लागत होती, म्हणून ती नेमली गेली, आणि विश्वास काम पाहून मागाहून आला. पुढे १९९८ मध्ये राज्याचा कायदा बदलून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ना-नफा संस्थांच्या संचालक मंडळावर मताधिकारासह बसण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे तशी सोय नाही, पण तेथेही सुरुवात सल्लागार समितीनेच झाली होती, हे तुमच्या ज्येष्ठ विश्वस्तांना जरूर सांगावे.

या समित्यांची एक रीत मला फार मोलाची वाटते. अर्ज मागवण्यापूर्वी त्या आपल्या भागातील मुलांची पाहणी करतात, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांना सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, असे शाळाशाळांतून विचारतात आणि दर काही वर्षांनी ही पाहणी नव्याने करतात. मोठ्या माणसांना जे प्रश्न ऐकू येत नाहीत, विशेषतः मनावरचा ताण आणि व्यसन, ते यात वर येतात. तुमच्या गावात वह्यांच्या कागदावर प्रश्न छापून हायस्कूलच्या सर्व वर्गांत वाटले, नाव न लिहिता उत्तरे घेतली आणि ती मुलांनीच मोजली, तर एका आठवड्यात समितीला स्वतःचा विषय सापडेल. मग तिला अर्जांची वाट पाहत बसावे लागणार नाही. अमुक कामासाठी अर्ज करा, असे ती स्वतःच सांगू शकेल.

जमाखर्च यांच्या शेवटच्या मताशी मात्र मी सहमत नाही. मिशिगनमध्येही कागदोपत्री अंतिम मंजुरी संचालक मंडळाचीच असते, पण कायद्याची किंवा हिशेबाची अडचण असल्याखेरीज शिफारशीला हात लावायचा नाही, असा पायंडा जेथे पडला तेथेच मुले टिकली. हा पायंडा पडण्याची वाट पाहण्यापेक्षा तो ठरावातच लिहिलेला बरा.

रासेयो समन्वयक

येरळाकाठ सर, मी एका ग्रामीण महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतो. आमच्या तालुक्यातील एका न्यासाने अशी समिती नेमली, तेव्हा तिच्याबरोबर राहण्याची संधी मला मिळाली. निवडीबद्दल सांगायचे तर, शाळेने हुशार मुलांची नावे पाठवायची आणि सरपंचांनी दोन-तीन नावे सुचवायची, हा मार्ग टाळावा. त्यातून भाषण चांगले करणारी आणि घरचे वजन असलेली मुले येतात. आम्ही वाडी-वस्तीवार जागा ठरवल्या, निम्म्या जागा मुलींसाठी ठेवल्या, इच्छुकांची नावे मागवली आणि प्रत्येक वस्तीतून सर्वांसमोर चिठ्ठी काढली. चिठ्ठीमुळे कोणाचा माणूस हा प्रश्नच उरत नाही. शाळा सोडलेल्यांसाठी दोन जागा मुद्दाम राखाव्यात. ऊसतोडीला किंवा दुकानावर जाणाऱ्या मुलाला गावाबद्दल जे दिसते ते वर्गात बसणाऱ्याला दिसत नाही.

बैठक रविवारी सकाळी घ्यावी. संध्याकाळची वेळ ठेवली की वाडीवरच्या मुली पहिल्या गळतात, कारण परतीची एसटी नसते आणि कोणीतरी न्यायला यावे लागते. प्रवासाचे पैसे आणि नाश्ता न्यासाने द्यावा.

निर्णय टेबलावर घेऊ देऊ नये, जागेवर जाऊन घेऊ द्यावा, हे माझे ठाम मत आहे. आमच्या समितीकडे एका अभ्यासिकेचा अर्ज आला होता. स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि टेबल-खुर्च्या यांसाठी पैसे हवे होते, आणि कागदावर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. समितीतल्या दोन मुली सूचना न देता संध्याकाळी तेथे गेल्या. दाराबाहेर ज्या चपला होत्या त्या सगळ्या मुलांच्या होत्या. आत चौकशी केली तर मुलींना बंदी नाही असे उत्तर मिळाले, पण मागच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडीच नव्हती आणि वाटेवरचा दिवा बंद होता. समितीने पुस्तकांची निम्मी रक्कम दिली आणि उरलेली रक्कम कडी, दिवा आणि मुलींसाठी सकाळची राखीव वेळ या तीन गोष्टी झाल्यावर देऊ असे कळवले. न्यासाच्या वडीलधाऱ्यांनी तोच अर्ज वाचला होता. त्यांना तो निर्दोष वाटला होता. मुलांना समितीत का घ्यावे, असे कोणी विचारले तर मी हीच गोष्ट सांगतो.

बहुमताने निर्णय घ्यायची घाईही करू नये. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात त्या विषयाची चर्चा होते. गटबाजीच्या गावात हात वर करून मतदान घेतले की मुले घरी ऐकलेले बोलू लागतात. सहमती होईपर्यंत बोलायचे आहे असे ठरले, की अर्जाकडे बघून बोलतात. ज्याच्या घरचा किंवा भावकीचा अर्ज असेल, त्याने त्या चर्चेपुरते बाहेर बसावे. हा नियम मुलांना सहज पटतो. विश्वस्तांनीही तो स्वतःला लावून घ्यावा.

राहता राहिला तुमच्या ज्येष्ठांचा आक्षेप. त्यांना आदराने एवढेच विचारावे की स्वातंत्र्यलढ्यात जी. डी. बापू लाड कुंडलच्या परिसरात प्रतिसरकारच्या तुफान सेनेची धुरा वाहत होते, तेव्हा त्यांचे वय काय होते? अवघे विशीचे. सांगली-साताऱ्याच्या मातीत हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला आहे.

कोइमतूरचा भाचा

नमस्कार काका. मी मूळचा आटपाडी तालुक्यातला असून, बारावीनंतर मामांच्या गलाईच्या दुकानावर कोइमतूरला आलो. तुमच्या तिसऱ्या अडचणीबद्दल मला लिहावेसे वाटले, कारण तुम्ही ज्यांच्याविषयी विचारता आहात त्यांच्यातलाच मी आहे. आम्ही गावाबाहेर गेलो म्हणजे गावाच्या कामातून गेलो, असे कृपया धरून चालू नका. दुकान बंद झाल्यावर रात्री नऊनंतर आम्ही फोनवर असतोच. अर्जांचे फोटो आणि जागेची छायाचित्रे पाठवली, तर दरांची चौकशी करणे, कोटेशन मागवणे, मागच्या अनुदानाचे बिल जुळवणे ही कामे येथे बसूनही करता येतात. रोजच वजन आणि दर यांच्याशी गाठ असल्याने हिशेबाला आम्ही पक्के असतो. जागेवर जाण्याचे काम गावातल्या सदस्यांनी करावे आणि सर्वांनी मिळून घ्यायची बैठक यात्रेच्या दिवसांत ठेवावी, कारण तेव्हा आम्ही सगळे गावी असतो.

आणखी एक विनंती आहे. नकार कळवण्याचे काम समितीलाच करू द्यावे, पण समितीला एकटे सोडू नये. माझ्या एका मैत्रिणीच्या गावी अशा समितीने एका पुढाऱ्याच्या मंडळाचा अर्ज नाकारला, तेव्हा समितीत असलेल्या त्या मैत्रिणीच्या वडिलांना फोन गेला. ती गप्प झाली आणि पुढे बैठकीला आली नाही. नकाराच्या पत्रात कारण समितीने लिहावे, त्याखाली विश्वस्तांनी सही करावी, आणि कोण काय बोलले हे इतिवृत्तात नावानिशी लिहू नये. असे केले तर आमच्यासारख्यांना खरे बोलता येईल.

येरळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मिशिगनकर आणि जमाखर्च यांच्यातील मतभेदावर मी असा मसुदा करत आहे: समितीची शिफारस उद्देशाबाहेरची असेल, कायद्याला किंवा हिशेबाच्या नियमांना धरून नसेल किंवा त्यात हितसंबंध दडलेला असेल, तरच विश्वस्त मंडळ ती परत पाठवील, परत पाठवताना लेखी कारण देईल, आणि त्या रकमेचा वापर स्वतः न ठरवता समितीलाच फेरविचारासाठी देईल. जमाखर्च साहेब, असा ठराव विश्वस्तांच्या जबाबदारीच्या आड येतो का, एवढे कृपया सांगावे.

जमाखर्च

येत नाही. तीनही कारणे अशी आहेत की त्यांसाठी मंडळाला एरवीही नकार द्यावाच लागला असता. ठरावात एवढे वाक्य जोडा की समितीची मुदत एका वर्षाची असून रक्कम दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नव्याने मंजूर होईल. म्हणजे पुढच्या विश्वस्तांवर कायमचा बोजा पडत नाही. चिठ्ठीने निवड झाल्यावर अठरा वर्षांखालील प्रत्येक सदस्याच्या पालकांचे लेखी संमतिपत्र घेऊन फाइलला लावावे. मसुदा येथे टाकलात तर मी वाचून देईन.