पोर्तुगालमध्ये ईस्टरला स्थानिक कुटुंबात राहणे : मिन्यो प्रांताविषयी मार्गदर्शन हवे

मुठाकाठ :

नमस्कार. 2027 च्या ईस्टरला, म्हणजे 28 मार्चच्या रविवारी, पोर्तुगालमध्ये असावे असा आम्हा उभयतांचा विचार आहे. माझ्या पत्नीच्या कार्यालयातील एक सहकारी उत्तर पोर्तुगालमधील मिन्यो प्रांतातली, पोंत द लिमाजवळच्या एका खेड्यातली आहे. तिच्या आईवडिलांनी पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात, आपल्या घरी राहायला या, असे आग्रहाचे बोलावणे पाठवले आहे. ब्रागा शहरात खोली घेऊन तिथल्या प्रसिद्ध मिरवणुका पाहणे, हा आमच्यापुढचा दुसरा पर्याय आहे.

घरी जावेसे मनापासून वाटते, परंतु ऐन सणाच्या दिवशी, सारे नातेवाईक जमलेले असताना, परक्या माणसांची त्यांना अडचण तर होणार नाही ना, ही शंका सुटत नाही. आम्ही हिंदू आहोत. घरातल्या आणि चर्चमधल्या विधींच्या वेळी आम्ही कसे वागावे? पत्नी अंडी खाते, पण मांस आणि मासे खात नाही. ज्यांनी तिकडच्या घरात हा सण पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दोउरोतीर :

मी पोर्तो शहरात नोकरीनिमित्त राहतो आणि ईस्टरला मिन्योतील एका मित्राच्या घरी जात असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की आपण घरीच राहावे. ब्रागाच्या मिरवणुका भव्य असतात यात शंका नाही, पण त्या रस्त्यावर उभे राहून कोणालाही पाहता येतात. मिन्योचा ईस्टर रविवार मात्र घराच्या आत साजरा होतो, आणि ज्याला कोणाच्या घरात जागा नाही त्याला त्या दिवशी बंद दुकाने आणि ओस रस्ते यांखेरीज फारसे काही दिसत नाही.

त्या दिवशी गावातील चर्चमधून क्रूस घेऊन एक लहानसा गट निघतो आणि घरोघर जातो. याला तिकडे ‘काँपासो’ म्हणतात. पूर्वी फादर स्वतः प्रत्येक घरी जात. आता त्यांची संख्या कमी झाल्यामुळे अनेक गावांत गावकरीच, अंगावर लाल झगा घालून, क्रूस नेतात. पुढे एक जण हातघंटा वाजवत चालतो आणि एखाद्याजवळ पवित्र पाण्याचे भांडे असते. ज्या घराला क्रूसाचे स्वागत करायचे असते ते आपल्या दारापासून रस्त्यापर्यंत फुलांच्या पाकळ्या आणि हिरवा पाला पसरून ठेवते. दारासमोर पाला आणि फुले दिसली, की या घरी यायचे हे गटाला कळते. घंटा जवळ आली की सारे कुटुंब बैठकीच्या खोलीत जमते, आशीर्वादाचे शब्द उच्चारले जातात, घरावर पाणी शिंपडले जाते आणि एकेक जण पुढे होऊन क्रूसाचे चुंबन घेतो. हे सारे काही मिनिटांत आटोपते, पण त्या काही मिनिटांसाठी घरातल्या बाईने आठवडाभर घर घासूनपुसून लखलखीत केलेले असते आणि लिस्बनमध्ये किंवा फ्रान्समध्ये कामाला असलेली मुले शेकडो किलोमीटर अंतर कापून गावी आलेली असतात.

आपली अडचण होईल का, याचे उत्तर यातच आहे. हा दिवस दार उघडे ठेवण्याचा आहे. शेजारी आणि नातलग एकमेकांच्या घरच्या काँपासोला हजेरी लावतात. टेबलावर पाँव-द-लॉ नावाचा अंड्यांचा केक, साखरेत घोळवलेले बदाम आणि पोर्त वाइन मांडलेली असते, आणि येणाऱ्याने त्यातले काही घेतले नाही तर यजमानांना वाईट वाटते. तिथे आणखी दोन माणसे कोणालाही जड होत नाहीत. अडचण होते ती रविवारी सकाळी गाडी काढून किल्ला पाहायला निघणाऱ्या पाहुण्याची, कारण मग घरच्यांना त्याच्यासाठी थांबावे लागते. म्हणून भटकंती आधीच्या दिवसांत उरकून रविवार पूर्णपणे घराला द्यावा.

राहण्याचे पैसे देऊ करू नका. जाताना चांगल्या मिठाईच्या दुकानातून बदामांचा डबा आणि घरच्या आईसाठी फुले न्यावीत. आणखी एक सूचना : तिकडची जुनी घरे ग्रॅनाइटची असतात आणि बहुतेकांत घर तापवण्याची पुरेशी सोय नसते. मार्चअखेरीस पाऊसही असतो. बाहेरच्यापेक्षा घरात घालायला लोकरीचे कपडे अधिक लागतील.

वसईची वाडी :

मी वसईचा मराठी ख्रिस्ती आहे आणि व्हियाना दो कास्तेलो भागातील एका कुटुंबाकडे हा सण पाहिला आहे, म्हणून विधींबद्दल लिहितो.

पवित्र सप्ताहातल्या गुरुवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीनंतर) शनिवार रात्रीपर्यंत चर्चची घंटा वाजत नाही. तिच्या जागी लाकडी खटखटे वाजवतात. वसईत वाढलेल्याला हे नवे नाही, पण ब्रागात गुरुवारी रात्री ‘एक्चे होमो’च्या (‘पाहा, हा तो मनुष्य’) मिरवणुकीपुढे काळे झगे घातलेले, चेहरा झाकलेले, अनवाणी फारिकोकु हेच खटखटे वाजवत आणि पेटते पलिते घेऊन चालू लागतात, तेव्हा त्या आवाजाने अंगावर काटा येतो. फारिकोकु हे पश्चात्ताप करणाऱ्यांचे रूप आहे. त्यांचे छायाचित्र जरूर घ्यावे, पण त्यांच्या वाटेत उभे राहू नये. शुक्रवारी रात्री प्रभूच्या अंत्ययात्रेची मिरवणूक असते आणि तिच्यात शांतता पाळली जाते. यजमान या दोन्हींपैकी एका रात्री ब्रागाला येणार असतील तर त्यांच्याबरोबर जावे, म्हणजे आपला दुसरा पर्यायही साधेल.

चर्चमध्ये कोणालाही बसता येते. लोक उभे राहतील तेव्हा उभे राहावे. गुडघे टेकण्याची सक्ती नाही, शांत बसून राहिले तरी चालते. मिस्सात दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद मात्र कॅथलिकांसाठीच असतो, तेव्हा लोक रांगेने पुढे जातील त्या वेळी आपण जागेवरच थांबावे. घरी क्रूस समोर आला की चुंबन घेतलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. हात जोडून मान लववली तर त्यातला आदर तिथल्या वृद्धांनाही कळतो, हे मी स्वतः पाहिले आहे. क्रूस येतो तेव्हा टेबलावर एक पाकीट दिसेल, ते त्या घराने चर्चसाठी ठेवलेले दान असते. पाहुण्याने त्यात भर घालायची नसते.

अंबाडी :

मी ब्रागाच्या मिन्यो विद्यापीठात संशोधनासाठी राहत होते आणि मीही शाकाहारी आहे, त्यामुळे आपल्या पत्नीचा प्रश्न मला नीट समजतो.

पहिली गोष्ट म्हणजे शुक्रवारच्या उपवासावर विसंबू नका. त्या दिवशी मांस वर्ज्य असते, मासे नव्हे; उलट बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, त्याच दिवशी हमखास शिजतो. रविवारी जेवणात भाजलेले करडू असते. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचे सूप वाटते निर्धोक, पण वाढताना त्यात सॉसेजची चकती टाकतात, आणि घेवड्याच्या भातातही ती असू शकते. फोलार हा ईस्टरचा पाव दक्षिणेत गोड असतो व त्यावर अख्खे उकडलेले अंडे बसवलेले असते. ईशान्येकडच्या शाव्हिश भागातील फोलारमध्ये मात्र हॅम आणि सॉसेज भरलेले असते. भेट म्हणून आलेला फोलार कुठला आहे, हे विचारूनच खावा.

म्हणून सहकारी मैत्रिणीकडून आधीच स्पष्ट कळवावे की ‘मांसही नाही आणि मासेही नाहीत’. केवळ शाकाहारी म्हटले तर पुष्कळ वृद्ध माणसे प्रेमाने ट्यूना मासा पुढे करतात. उपाशी राहण्याची वेळ अजिबात येणार नाही. मक्याच्या पिठाचा ब्रोआ पाव, शलगमाच्या कोवळ्या कोंबांची लसूण घालून परतलेली भाजी, ऑलिव्ह तेलातले बटाटे, चीज, आणि दालचिनीची नक्षी काढलेला गोड दूधभात हे सारे मिन्योच्या घरात असतेच. आपल्याकडचे काही रांधून खाऊ घालायचे असेल तर गुरुवारची संध्याकाळ निवडावी. शनिवारी आणि रविवारी चूल घरच्या आईची असते आणि तिथे मदत करायची ती भांडी पुसण्याची.

मुठाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही घरीच राहण्याचे ठरवले आहे. आणखी दोन गोष्टी विचारतो. अल्गार्वमधील साओ ब्राश द अल्पोर्तेल येथे ईस्टरच्या दिवशी पुरुष फुलांच्या मशाली घेऊन मिरवणूक काढतात असे वाचले. ती याच प्रवासात पाहता येईल का? आणि व्हिसासाठी हॉटेलच्या आरक्षणाऐवजी काय दाखवावे?

दोउरोतीर :

ती मिरवणूकही रविवारी सकाळीच असते आणि ते गाव देशाच्या अगदी दक्षिण टोकाला आहे, त्यामुळे दोन्ही साधणे अशक्य आहे. अल्गार्वसाठी वेगळे वर्ष राखून ठेवावे.

व्हिसासाठी यजमानांचे सहीनिशी निमंत्रणपत्र लागेल. त्यात त्यांचा पत्ता आणि आपल्या मुक्कामाच्या तारखा असाव्यात, आणि त्याचा नेमका नमुना अर्ज घेणाऱ्या केंद्राकडून आधीच मागून घ्यावा. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. आपण फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे येणार असाल तर एक नियम पाहून ठेवा : शेंगेन क्षेत्रातील (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) दुसऱ्या देशातून पोर्तुगालमध्ये शिरणाऱ्या युरोपीय संघाबाहेरील नागरिकाने तीन कामकाजी दिवसांत आपले आगमन कळवायचे असते. हॉटेलात उतरणाऱ्यांची नोंद हॉटेलच करते, पण मित्राच्या घरी विनामूल्य राहणाऱ्याला ते स्वतः करावे लागते.

28 मार्चच्या पहाटे घड्याळे एक तास पुढे जाणार आहेत. शनिवारी रात्रीचा विधी संपवून उशिरा झोपल्यावर सकाळी घंटा तासभर लवकर आल्यासारखी वाटेल, हे ध्यानात असू द्या. ईस्टरचा सोमवार पोर्तुगालमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा नाही, तरी मोठ्या गावांत काही वस्त्यांवर क्रूस सोमवारी येतो. आपल्या यजमानांची पाळी कोणत्या दिवशी आहे ते विचारून घ्यावे आणि मगच परतीचे तिकीट काढावे. पोंत द लिमाला रेल्वे नाही, आणि रविवारी बस फारच थोड्या असतात.