अंतिम प्रुफे आणि कुटुंबाची तंबूतली सहल एकाच आठवड्यात आली, तर काय करावे?

प्रश्न

माझी दुसरी कादंबरी लवकरच प्रकाशित होत आहे. प्रकाशन समारंभाची तारीख ठरवताना तिच्या महिनाभर आधी आमची दरवर्षीची पाच दिवसांची तंबूतली सहल असते, एवढेच मी पाहिले आणि निश्चिंत झाले. अंतिम प्रुफे, म्हणजे छपाईआधी शेवटची तपासायची पाने, नेमकी त्याच आठवड्यात हातात पडतील, हे मात्र ध्यानात आले नाही.

पहिल्या कादंबरीच्या वेळीही असेच झाले होते आणि मी प्रुफांचा गठ्ठा सोबत नेला होता. रात्री सगळे झोपल्यावर हेडलॅम्पच्या उजेडात वाचायला बसले, की पांढऱ्या कागदावर चिलटे जमत. शिरोरेषेवर बसलेले चिलट आणि अनुस्वार यांत फरक करणे किती अवघड असते, हे तेव्हा कळले. एका ठिकाणी खरोखरच चुकून पडलेल्या अनुस्वाराला चिलट समजून मी फुंकर मारली आणि पुढच्या ओळीवर गेले. परिणामी माझ्या पहिल्या पुस्तकाचा नायक नायिकेला वश होण्याऐवजी ‘वंश’ झाला आहे.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. तंबू उभारताना आमच्याकडे प्रत्येकाची खुंटी ठरलेली असते. त्या वर्षी माझी खुंटी तशीच राहिली, रात्री वाऱ्याने त्या बाजूचे कापड फडफडत राहिले आणि सकाळी पाहते तर माझ्या सात वर्षांच्या मुलाने ती कोणालाही न सांगता ठोकून टाकली होती. यंदा सहल रद्द करावी, की प्रुफे पुन्हा सोबत न्यावीत? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मीही कादंबरीकार आहे आणि माझ्या मते दोन्ही गोष्टी जमतात. चिलटांवर उपाय सोपा आहे. अनेक हेडलॅम्पना लाल दिव्याची सोय असते आणि लाल उजेडाकडे कीटक पांढऱ्याच्या मानाने फारच कमी येतात. शिवाय शेजारी झोपलेल्यांच्या डोळ्यांवरही तो येत नाही. रोज रात्री दोन तास याप्रमाणे पाच दिवसांत तीनशे पाने सहज वाचून होतील. लेखकाने कुठेही लिहिता-वाचता आले पाहिजे, असे मला वाटते.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. वरील सल्ला प्रेमाने दिलेला असला, तरी त्यात एक गफलत आहे: लाल उजेडात लाल शाईच्या खुणा जवळपास दिसेनाशा होतात. आपण त्या दिव्यात तपासलेल्या पानांवर आधी कोणी लाल पेनने केलेल्या दुरुस्त्या असतील, तर त्या आपल्याला जाणवणारही नाहीत. रात्री दवाने कागद ओलसर होऊन लाटांसारखा वर-खाली होतो, तो त्रास वेगळाच.

पण खरा मुद्दा दिव्याचा नाही. अंतिम प्रुफ हे कादंबरी पुन्हा वाचण्यासाठी नसते. मागच्या प्रुफातल्या दुरुस्त्या नीट उतरल्या का आणि त्या करताना नवीन चुका शिरल्या का, एवढेच त्यात पाहायचे असते. तंबूत, मनाच्या हळव्या अवस्थेत, लेखक नेमके उलट करतो. एखादा परिच्छेद त्याला अपुरा वाटू लागतो, ऋणनिर्देशात आणखी चार नावे आठवतात आणि पाने वाढतात. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत, छापले जाते. म्हणजे ३२० पानांचे पुस्तक बरोबर वीस फर्म्यांत बसते. त्यात दोन पाने वाढली, की एकविसाव्या फर्म्याचा प्रश्न उभा राहतो, कण्याची जाडी बदलते आणि तयार असलेले मुखपृष्ठ पुन्हा हाती घ्यावे लागते. हे सगळे एका हळव्या रात्रीपायी होताना मी पाहिले आहे.

म्हणून प्रकाशकांना आजच कळवावे, की प्रुफे एक तर सहलीच्या चार दिवस आधी द्या किंवा परतल्यावर द्या. महिनाभर हाताशी असताना पाच दिवस इकडे-तिकडे झाले, तरी छपाई आणि बांधणी बहुधा अडत नाही. मात्र ते त्यांना आधी ठाऊक असले पाहिजे. आणि ‘वंश’ पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, त्याची नोंद आजच त्यांच्याकडे लेखी द्या. आवृत्ती निघते तेव्हा अशा गोष्टी कोणालाही आठवत नाहीत.

प्रतिसाद ३

माझी पत्नी कादंबऱ्या लिहिते, म्हणून तंबूच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. ती काम करते याचा आम्हांला कधीच राग आला नाही. ती काम करते आहे की नाही हेच कळत नसे, याचा यायचा. समोर बसून ऐकते आहे असे वाटावे आणि तिसऱ्या वाक्याला लक्षात यावे, की ती मनात मलपृष्ठावरचा मजकूर जुळवते आहे. आता पहाटे सगळे उठण्यापूर्वीचा एक तास तिचा असतो. त्या तासात मुलेही तंबूबाहेर कुजबुजतच बोलतात आणि तो संपला, की वही पिशवीच्या तळाशी जाते. रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्ती आपल्या पुरातत्त्वज्ञ पतीबरोबर इराकमधल्या निमरूद या प्राचीन नगराच्या उत्खननावर जात, तेव्हा तिथे त्यांच्या लेखनासाठी एक लहानशी खोली स्वतंत्र बांधलेली होती, आणि लेखन आटोपले की त्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती वस्तू स्वच्छ करायला बसत. खोली सर्वांनाच मिळत नाही, पण सर्वांना ठाऊक असलेला एक तास मिळू शकतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज प्रकाशकांशी बोलले. प्रुफे सहलीनंतर येतील आणि छपाईची तारीख तीच राहील. हे विचारायला मला इतके दिवस का लागले, ते ठाऊक नाही. पहाटेच्या तासात समारंभातले मनोगत लिहायचे ठरवले आहे, कारण त्याला वही आणि पेन्सिल पुरते. घरात कामांची यादी फळ्यावर लिहिली गेली आहे. माझ्या नावापुढे दोन खुंट्या आहेत; एक यंदाची आणि दुसरी, मुलाच्या हिशेबाप्रमाणे, मागची राहिलेली.