दिनविशेष फळ्यावर लिहिण्याआधी तारखा आणि किस्से कसे तपासायचे? (बेळगाव परिसर)

फळा_आणि_खडू
नमस्कार मंडळी. गल्लीतल्या मंडळाच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचा असतो. शक्यतो बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, चिकोडी या आपल्याच भागातलं द्यावं असा विचार आहे. हाताशी वाचनालयातली इतिहासाची सोपी पुस्तकं आणि वॉट्सअॅपवर फिरणारे किस्से आहेत, पण त्यांचा मेळ बसत नाही. शिवरायांचा १६७४ चा राज्याभिषेक एकीकडे ६ जून, दुसरीकडे १६ जून. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) कुठे १२०४ ची, कुठे १२०५ ची. बेलवडीच्या देसाईणीचं नाव कुठे सावित्रीबाई, कुठे मल्लम्मा. मोडी किंवा हळेगन्नड (जुनं कन्नड) येत नसताना यातलं खरं काय हे ठरवायची काही रीत आहे का? आणि डोळे झाकून फळ्यावर लिहिता येतील असे पक्के किस्सेही सांगा.

हलशीचा_वाटसरू
आधी तारखांचं बघू, कारण निम्मे घोळ तिथलेच.

६ जून आणि १६ जून दोन्ही बरोबर. दिवस एकच, कॅलेंडरं दोन. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरलं, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन घेतलं. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. त्यामुळे एकाच घटनेबद्दल राजापूरच्या इंग्रजांचं पत्र आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचं पत्र वाचलं तर तारखा दहा दिवसांनी वेगळ्या दिसतात. मराठी पुस्तकांत १७५२ पूर्वीच्या तारखा बहुधा जुन्या पद्धतीने छापतात.

मोबाइलवर वार बघताना इथेच गफलत होते. मोबाइलचं कॅलेंडर मागेपर्यंत नवीनच पद्धत लावतं, म्हणून ६ जून १६७४ ला ते बुधवार दाखवतं. १६ जून बघा, शनिवार येतो आणि तोच बरोबर. आता जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी, उघडली तर तिथे ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली असताना असं आहे. तेही चूक नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटं, त्यामुळे पहाटेची ती वेळ आपल्या हिशेबात शुक्रवारच. फळ्यावर "६ जून १६७४ (जुनी पद्धत)" एवढं लिहिलंत तरी पुरे.

शकाचा हिशेब: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०. इथे सरसकट ७८ मिळवणारे १६२९ वर येऊन थांबतात.

मराठी कागदांतलं सुहूर सन मृगापासून सुरू होतं. डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, पुढे मृगापर्यंत ६००. त्याचं साल अरबी शब्दांत लिहितात: "खमस सबैन अलफ" म्हणजे ५, ७० आणि १०००, मिळून १०७५. त्यावरून १६७४-७५.

आणखी एक. त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी ते २४ मार्चमधल्या इंग्रजी पत्रावर १६७७ दिसलं तर आपल्या हिशेबाने ते १६७८ असू शकतं. पुस्तकात "१६७७-७८" अशी जोडी दिसली की पुढचं साल धरा.

फळा_आणि_खडू
फार उपयोगी, धन्यवाद. पण कमल बस्तीच्या शिलालेखात शके ११२७, पौष शुद्ध २ असल्याचं वाचलं. ११२७ अधिक ७८ म्हणजे १२०५ येतात. मग १२०४ कुठून आलं?

हलशीचा_वाटसरू
त्यासाठी संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, बघायचं. शक कधी गत धरतात, म्हणजे पुरी झालेली वर्षं, तर कधी वर्तमान, म्हणजे चालू वर्ष. दोन्हींत एकाचा फरक पडतो आणि तो संवत्सरावरून पकडता येतो. गत शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. शके १५९६ घ्या: १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, आनंद संवत्सर. राज्याभिषेकाचं तेच आहे.

बस्तीच्या लेखात रक्ताक्षी संवत्सर आहे, त्याचा क्रमांक ५८. ११२७ अधिक १२ केलं तर बाकी ५९ येते, म्हणजे क्रोधन. जुळलं नाही. ११२६ घेतलं की ५८ बरोबर येते. म्हणून इथला ११२७ वर्तमान शक आणि साल १२०४. लेखात वार शनिवार आहे आणि उत्तरायण संक्रांतीचाही उल्लेख आहे. त्या वर्षी २५ डिसेंबरला (जुनी पद्धत) शनिवारच येतो. साल, तिथी, वार, संक्रांत असे चार धागे एका दिवशी जुळले की बिनधास्त लिहा.

शिवाय संक्रांत २५ डिसेंबरला आली होती, हाच एक सुंदर किस्सा झाला! नव्या पद्धतीने तो १ जानेवारी १२०५. तिथून आताच्या १४ जानेवारीपर्यंतचं उरलेलं अंतर असं पडलं की संक्रांत सुमारे साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

संपगावची_वाचक
तारखांचं झालं, आता किस्से. माझा नियम साधा आहे: ही गोष्ट पहिल्यांदा कोणी, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली? समकालीन कागद, नंतरची बखर आणि स्थानिक परंपरा, तिन्हींना मान द्यावा, पण वजन वेगवेगळं.

बेलवडीचंच घ्या. दक्षिणेतून परतताना मराठ्यांच्या फौजेला एका देसाईणीने झुंजवलं, हे १६७८ च्या राजापूरच्या इंग्रजांच्या पत्रात आहे. म्हणजे गाभा पक्का. सावित्रीबाई हे नाव मराठी बखरींतलं, मल्लम्मा कन्नड परंपरेतलं. नंतर तिचा सन्मान कसा झाला, मराठ्यांचा सरदार सखुजी गायकवाड याला काय शिक्षा झाली, हे तपशील नंतरच्या लिखाणातले. फळ्यावर "बखरीनुसार" आणि "परंपरेनुसार" असे शब्द घाला आणि नावं दोन्ही द्या. आपल्या भागात एकच नाव लिहिलंत तर अर्धे वाचक दुखावतील, आणि तसं लिहायला आधारही नाही.

गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, जरूर वापरा. मुंबई इलाख्याचा बेळगाव खंड, १८८४ चा, नेटवर फुकट मिळतो. फक्त गाव शोधताना तेव्हाचा तालुका लक्षात ठेवा. बैलहोंगल आणि कित्तूर संपगाव तालुक्यात सापडतील. चंदगडही याच खंडात आहे, कारण १९५६ पर्यंत ते बेळगाव जिल्ह्यात होतं. स्कॅनमधल्या मजकुरात शोध घेताना आकडे नीट उमटलेले नसतात, ३ चा ८ होतो. साल उतरवताना पानाचं चित्र उघडून बघाच.

नंदगड_नाका
पक्क्या किश्श्यांत माझी भर.

२३ ऑक्टोबर १८२४: कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार थॅकरे याचा तो काका. त्याच लढाईत राणी चन्नम्मांच्या सैन्याने दोन इंग्रज अधिकारी कैद केले, स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट. हा एलियट पुढे कन्नड शिलालेखांच्या नकला जमवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक ठरला. हलशीकर ज्या प्रकारच्या लेखांवर हिशेब मांडताहेत, त्यांच्या अभ्यासाची सुरुवात कित्तूरच्या एका कैद्यापर्यंत जाते. मला तरी आपल्या भागातला हा सगळ्यात आवडता धागा वाटतो.

१० एप्रिल १८१८: बेळगावचा किल्ला इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेच्या हाती. वेढा मार्चच्या २० तारखेपासून चालू होता.

२६ जानेवारी १८३१: कित्तूरच्या लढ्यातले संगोळ्ळी रायण्णा यांना नंदगडला फाशी. जन्माचं साल मात्र पुस्तकागणिक बदलतं, ते टाळा.

१९१६ आणि १९२४ यांची गल्लत करू नका. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. फळा वाचून कोणाला बघावीशी वाटली तर चालत जाता येईल.

फळा_आणि_खडू
कित्तूर आणि एलियटचा किस्सा २३ ऑक्टोबरला लावतो. बेलवडीसाठी मल्लम्मा आणि सावित्रीबाई दोन्ही नावं एकाच ओळीत लिहीन. संवत्सरांची साठ नावं कागदावर उतरवून फळ्याच्या मागे चिकटवतो, म्हणजे पुढच्या पोरांनाही बाकी काढता येईल.