उत्तर आधी आले, मूळ मेल नंतर: असे का होते?

प्रश्न
एका सहकाऱ्याने सकाळी १०:०५ ला आम्हा दोघांना मेल पाठवला. दुसऱ्याने त्याला दिलेले उत्तर मला १०:१२ ला मिळाले. मूळ मेल मात्र १०:४० ला उगवला, आणि तोही यादीत त्या उत्तराच्या खाली जाऊन बसल्यामुळे जवळजवळ नजरेतूनच सुटला. माझे इंटरनेट व्यवस्थित चालू होते. मग ही अर्धा तासाची दिरंगाई कोठे झाली असावी?

उत्तर १
मेल थेट आपल्यापर्यंत येत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो आधी स्वतःच्या रांगेत घेतो आणि मग आपल्या सर्व्हरच्या हवाली करतो. एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या १९८२ पासूनच्या पद्धतीत प्रत्येक मेल स्वतंत्रपणे प्रवास करतो, त्यामुळे क्रमाची हमी कोणीच देत नाही. समोरचा सर्व्हर व्यग्र असला, किंवा अनोळखी सर्व्हरकडून आलेला पहिला मेल त्याने मुद्दाम ‘नंतर या’ म्हणून परतवला (याला ग्रेलिस्टिंग म्हणतात, स्पॅम पाठवणारे बहुधा दुसऱ्यांदा फिरकत नाहीत, हा त्यामागचा हिशेब), तर पाठवणारा सर्व्हर थांबून पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांमध्ये साधारणपणे किमान ३० मिनिटांचे अंतर असावे, असे मानकच सांगते, आणि हार मानण्यापूर्वी चार-पाच दिवस वाट पाहावी, असेही. आपली ३५ मिनिटे या हिशेबात चपखल बसतात, तरी खात्रीसाठी मेलचे संपूर्ण हेडर (मेलसोबत येणारी प्रवासाची नोंद) उघडून ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचाव्यात; मेल घेणारा प्रत्येक सर्व्हर अशी एक ओळ वेळेसह वर जोडतो.

प्रश्नकर्ता
पाहिले. सर्वांत खालच्या ओळीत १०:०५:२०, तिच्या वरच्या ओळीत थेट १०:३९:४८.

उत्तर २
म्हणजे मेल या दोन सर्व्हरांच्या मध्ये अडकला होता. तो तिकडच्या रांगेत रखडला की इकडून परतवला गेला, हे हेडर सांगणार नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्येच, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदींतच, ते सापडेल. खाली जाऊन बसण्याचे कारण मात्र वेगळे आहे. मेलवरची तारीख-वेळ पाठवणाऱ्याच्या बाजूला लिहिली जाते, बहुधा त्याच्याच संगणकाच्या घड्याळावरून, आणि आपला प्रोग्रॅम त्याच वेळेनुसार यादी लावत असावा. हे घड्याळ चुकीचे असेल तर वेळेवर पोहोचलेला मेलसुद्धा भलत्याच जागी दिसतो. सेटिंगमध्ये ‘मिळाल्याच्या वेळेनुसार’ हा पर्याय असल्यास तो निवडावा. उशिरा आलेला मेल मग वरच दिसेल.