वर्ग सुरू झाला की लॅपटॉपवरचा तानपुरा आपोआप बसतो, कुणाला कळतं का यातलं?

शनिवार

बी-३०४ काकू (६:५२)
नमस्कार मंडळी. लॅपटॉपमधलं नीट कळणारं कुणी आहे का ग्रुपवर? दर शनिवारी साडेपाचला माझा न्यू जर्सीतल्या मुलींचा गाण्याचा वर्ग असतो, त्यांच्याकडे तेव्हा सकाळचे आठ. लॅपटॉपवर काळी चारचा तानपुरा लावते आणि झूमवर शिकवते. वर्गाआधी तानपुरा अगदी भरून वाजतो. झूम जोडलं की एका क्षणात बसतो, शेजारच्या घरात कुणीतरी लावलाय असा. वर्ग संपला की परत होता तसा. मी आवाजाला हातसुद्धा लावत नाही.

बी-३०४ काकू (६:५४)
आज यमन होता. गंधारावर थांबायचं आणि कानात तानपुराच नाही. मुलींना काय सांगू?

सी-१०१ (६:५८)
काकू, स्पीकर गेला असणार. आमच्या टीव्हीचा असाच गेला होता.

बी-३०४ काकू (७:०१)
दुकानात दाखवला ना. दोन्ही स्पीकर बदलावे लागतील म्हणाले, साडेतीन हजार. सोमवारी नेऊन द्यायचाय.

ए-५०२ (७:०३)
काकू, देऊ नका! आधी एक सांगा. आवाज बसतो तेव्हा खाली घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून बघितलंय का? तिथला आकडा कमी झालेला असतो का?

बी-३०४ काकू (७:०६)
बघितलंय रे. ८० वर ठेवते, ८० च असतो. म्हणून तर डोकं चालेना.

ए-५०२ (७:१२)
मग स्पीकर ठणठणीत आहे. फाटलेला स्पीकर खरखरतो, आणि तो वर्गाची वेळ बघून खरखरत नाही. हे विंडोजच करतंय. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हापासून त्यात एक सोय आहे. कॉम्प्युटरवरून कॉल सुरू झाला की बाकी सगळे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे, म्हणजे गाणं चालू असलं तरी समोरच्याचं बोलणं ऐकू यावं. मूळ सेटिंगच तसं असतं, तुम्ही काही केलेलं नाही. तुमचा तानपुरा त्याच्या लेखी मागे चाललेलं गाणं आहे. झूम कॉल म्हणून उघडलं की विंडोज तानपुऱ्याला दाबतं. मुख्य आकडा तसाच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

बी-३०४ काकू (७:१४)
म्हणजे मशीनला तानपुरा आणि रेडिओ सारखाच!

ए-५०२ (७:१९)
हो काकू. आता असं करा. कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी खिडकी येईल. तिथे इंग्रजीत एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर. 'साउंड' नावाची चौकट उघडेल. वर चार टॅब दिसतील, शेवटचा 'कम्युनिकेशन्स'. त्यात चार पर्याय आहेत: सगळं म्यूट, ८० टक्के कमी, ५० टक्के कमी आणि 'डू नथिंग'. शेवटचा निवडा, ओके करा. झूम पूर्ण बंद करून परत उघडा. विंडोज १० असो की ११, रस्ता हाच.

सेक्रेटरी (७:२०)
उद्या सकाळी ९ ते १ टाकी धुणार आहेत. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.

डी-२०३ (७:३१)
मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे उलटं आहे. आमचा आकडाच खाली येतो. मुलगी दहावीला, लेक्चर लावलं की स्क्रीनवर आवाजाची पट्टी आपोआप येते आणि ५४, ५२, ५० करत शून्यावर. वर केला की परत खाली. कम्युनिकेशन्समध्ये जाऊन 'डू नथिंग' केलं, काही फरक नाही.

ए-५०२ (७:३५)
फरक पडणारच नाही दादा, तुमचं दुखणं वेगळं आहे. पट्टी दिसतेय आणि दोन-दोनने उतरतेय ना? म्हणजे कुठलं तरी बटण 'आवाज कमी' म्हणून सतत दाबलं जातंय. बटण एकदा दाबलं की विंडोज दोनने उतरतं. बाहेरचा कीबोर्ड आहे का? काढून बघा. नुसता बंद नको, वायरच काढा.

डी-२०३ (७:४१)
काढला. तरी उतरतोय.

ए-५०२ (७:४२)
आणखी काय काय लावलंय?

डी-२०३ (७:४३)
माऊस आणि हेडफोन, दोन्ही यूएसबीचे.

ए-५०२ (७:४३)
हेडफोन काढा.

डी-२०३ (७:४६)
थांबला!!

डी-२०३ (७:५५)
सापडलं. हेडफोनच्या वायरवर आवाजाची छोटी डबी असते ना, ती टेबलाच्या खणात अडकून चेपली गेलीय. वजाचं बटण आत गेलंय, वर येतच नाही. नखाने उचललं तर येतं, सोडलं की परत आत. महिनाभर पोरीला ओरडतोय की तूच कुठेतरी हात लावतेस. आता तिची माफी मागतो.

सी-१०१ (७:५८)
लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवरचं बटण अडकलं असेल तर?

ए-५०२ (८:०४)
तेही होतं, चहा सांडून वाळला की हमखास. लॅपटॉप बंद करून बटणाच्या कडेने कापसाच्या काडीने किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं. पाणी नको. पण आधी बाहेरचं सगळं काढून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे आणि पैसा लागत नाही. मला दुकानांचा राग नाही, पण ज्याला लॅपटॉप दाखवला त्याने कॉल चालू असताना बघितलाच नसेल, तर त्याला हे कळणार कसं? आवाज कमी झाला एवढ्यावर कुणी स्पीकर बदलायला निघालं तर त्याला आधी विचारा, आकडा खाली आला की फक्त आवाज?

रविवार

बी-३०४ काकू (९:१०)
'डू नथिंग' केलं. बहिणीला झूम लावून बघितलं, तानपुरा जागचा हलला नाही. दुकानात नको म्हणून कळवलं. पण एक राहिलं. बहीण म्हणते, तुझा आवाज येतो, तानपुरा येतच नाही. मुलीही कधीकधी हेच म्हणतात, मला वाटायचं त्या ऐकत नाहीत.

ए-५०२ (९:१६)
हे माझ्या पलीकडचं आहे. ए-१०२ दादा रेकॉर्डिंगचं काम करतात, त्यांना विचारा.

ए-१०२ (१०:४०)
नमस्कार काकू. हा दोष झूमच्या बाजूचा. झूम मागचा गोंगाट काढून टाकतं, आणि त्याच्या हिशेबात गोंगाट म्हणजे एकसारखा चालणारा आवाज. पंखा, एसी, मिक्सर. तानपुराही अखंड, न थांबता, त्याच त्या स्वरांत. झूमला तो पंखाच वाटतो. तो जितका सुरेल आणि एकसंध, तितका जास्त कापला जातो.

ए-१०२ (१०:४६)
झूमच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ' मध्ये जा. 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असं मिळेल, ते निवडा. मग वर्ग सुरू झाला की खिडकीत वरच्या बाजूला त्याचं बटण दिसतं, ते चालू आहे का बघायचं. बरेच जण हेच विसरतात. तानपुरा लॅपटॉपवरून न लावता फोनवर लावून शेजारी ठेवलात तर आणखी बरं. लॅपटॉप स्वतःच वाजवतोय तो आवाज झूम प्रतिध्वनी समजून गाळू शकतं.

बी-१०३ (१०:५०)
दादा, ब्लूटूथ हेडफोनवर कॉल लागला की गाणं डब्यातून आल्यासारखं होतं, ते पण हेच का?

ए-१०२ (१०:५२)
नाही. ब्लूटूथला ऐकणं आणि बोलणं दोन्ही करायला लावलं की तो चांगल्या आवाजाची वाट सोडून फोनच्या वाटेने जातो. झूममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

ए-१०२ (१०:५९)
आणि काकू, एक मनापासून सांगतो. प्रत्येक मुलीला तिच्या घरी तिचा तानपुरा लावायला सांगा, त्याच पट्टीत. इथून तिथे आवाज जायला वेळ लागतो, आणि दोघी एकदम गायलात तर झूम एकीला दाबतं. ती गाते तेव्हा तिच्या कानात तिच्याच खोलीतला षड्ज हवा.

बी-३०४ काकू (११:०५)
हे आमच्या गुरुजींनीही सांगितलं असतं. आजच सगळ्यांना लिहिते.

पुढचा शनिवार

बी-३०४ काकू (६:४०)
आत्ताच वर्ग संपला. फोनवर तानपुरा, लॅपटॉपवर झूम, सगळं जागच्या जागी. पाचही मुलींनी घरी तानपुरे लावले होते. एकीचा अर्धा स्वर वर होता, तो आधी उतरवायला लावला. मग यमन घेतला. सगळ्यांत लहान मुलगी गंधारावर थांबली आणि कितीतरी वेळ तिथून हललीच नाही. मीही काही बोलले नाही, तिला राहू दिलं.

डी-२०३ (६:४७)
काकू, मस्त! आमच्याकडे नवा हेडफोन आलाय. डबी खणापासून लांब, टेबलाच्या वर टेपने चिकटवलीय.