वृद्धनिवासातील वडिलांच्या औषधोपचारांची जबाबदारी नेमकी कोणाची?

पाऊलवाट:
माझे वडील ८२ वर्षांचे असून आठ महिन्यांपासून पुण्याजवळच्या एका असिस्टेड लिव्हिंग निवासात राहतात. मी बंगळुरूला असते आणि भाऊ अमेरिकेत. बाबांना मधुमेह, रक्तदाब व प्रोस्टेटचा त्रास आहे. शिवाय हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी चालू आहे. प्रवेश घेताना ‘डॉक्टर ऑन कॉल’ असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन सर्वांचा रक्तदाब तपासून जातात. गेल्या महिन्यात बाबा लघवीला उठले असता पडले, तेव्हा सिस्टरांनी रात्री दीड वाजता मला फोन करून ‘ॲडमिट करायचे का?’ असे विचारले, आणि शेकडो मैलांवरून मी काय सांगावे हे मला कळेना. संस्थेकडून लेखी काय मागावे?

निवृत्त_परिचारिका:
ताई, तो प्रश्न त्यांनी आपल्याला विचारायलाच नको होता. वॉरफॅरिन घेणारी वृद्ध व्यक्ती पडून डोक्याला मार लागला असेल, किंवा लागला की नाही हे सांगता येत नसेल, तर बाहेरून जखम दिसत नसली तरी रुग्णालयात नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो, कारण आतला रक्तस्राव काही तासांनीही उघड होऊ शकतो. ‘अशा वेळी आधी १०८ ला किंवा ठरलेल्या रुग्णवाहिकेला फोन, नातेवाइकांना नंतर’ असे संमतिपत्र आजच सही करून द्या.

दुसरे म्हणजे, बाबा का पडले याचा शोध घ्या. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरतो. त्यात रक्तदाबाची आणि झोपेची गोळी असेल तर रात्री उठणे धोक्याचे होते. आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर डॉक्टरांना कळवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

बहुतेक ठिकाणी औषधांचा तक्ता असतो, पण तो जुना असतो. दर ओपीडीनंतर आणि दर डिस्चार्जनंतर जुना तक्ता आडवी रेघ मारून रद्द करायचा, नवा डॉक्टरांच्या सहीने लावायचा, एवढी शिस्त पाळली गेली तरी निम्मे घोळ टळतात, असा माझा अनुभव आहे.

ठाण्याचा_मुलगा:
माझ्या आईच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ असे तिघे लिहीत होते आणि एकमेकांचे कागद कोणीच पाहत नव्हते. शेवटी जवळच्या एका फिजिशियनांना महिन्यातून एकदा येण्याची विनंती केली आणि ‘नवी गोळी कोणीही लिहिली तरी ती आपल्या नजरेखालून गेल्यावरच सुरू होईल’ असे ठरवून घेतले. त्यांची फी आम्ही वेगळी देतो. संस्थेने सुरुवातीला नाक मुरडले, पण त्यांच्याच सिस्टरांचे काम सोपे झाल्यावर कुरकूर थांबली. वॉरफॅरिनसाठीची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी) कोणत्या तारखेला होणार, रक्त कोण नेणार आणि आकडा कोणाला कळवणार, हेही त्याच कागदावर लिहा.

कागदपत्रे:
खर्चाचे पाहायचे तर ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. निवासाचे शुल्क, रोजच्या गोळ्या किंवा फिजिशियनांची फी त्यात येत नाही. कार्ड आधीच काढून त्याची प्रत निवासाच्या फाइलमध्ये ठेवा.

बाबांचे भान चांगले असेल तर आणखी एक विषय त्यांच्याशीच बोलावा, जरी तो अवघड असला तरी. आपल्याला व्हेंटिलेटर हवा की नको, आणि आपण बोलू शकलो नाही तर निर्णय कोणी घ्यावा, हे आगाऊ लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते.

पाऊलवाट:
सर्वांचे मनापासून आभार. काल सिस्टरांकडून रक्तदाब मोजून घेतला: आडवे असताना १४८, उभे राहिल्यावर ११६. फिजिशियन शनिवारी येत आहेत. संमतिपत्राचा मसुदा मी भावाला पाठवला असून, ‘नातेवाइकांना नंतर’ या शब्दांवर तो अजून अडला आहे.