ज्युरीत शीटवर लाल मार्करने काट मारणं: शिकवणं की माज?

नेरूळकर_मामा
भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडे राहते. या सेमिस्टरचा विषय होता दिवाळे कोळीवाड्यात मासळी बाजार. शेवटचे तीन दिवस हॉलभर सनबोर्डचे तुकडे अन् फेविक्विकचा वास, आम्ही जेवायला गॅलरीत. आणि ज्युरीला, म्हणजे पोरं आपलं डिझाइन परीक्षकांसमोर मांडतात तेव्हा, बाहेरून आलेल्या सरांनी चार मिनिटांत "पिंटरेस्टवरून उचललंय, मजा नाही" म्हणून ए-वन मापाच्या ड्रॉइंग शीटवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल काट मारली. पोरगी रडली नाही. दोन दिवस एकच विचारतेय, "मामा, नेमकं चुकलं काय?" कडक बोला हो, पण ते तरी सांगाल की नाही?

टी_स्क्वेअर
मामा, राग समजतो, पण पटत नाही. माझ्या सरांनी माझं मॉडेल तळहाताने दाबून सपाट केलं होतं. म्हणाले, "आता सांग, छप्पर कशावर उभं होतं?" खरंच कशावरच नव्हतं. आज घोडबंदरला साइटवर ठेकेदार माझ्याशी गोड बोलत नाही, बिल्डर तर नाहीच. पाच वर्षं पोरांना कापसात ठेवून सहाव्या वर्षी कुठे सोडणार? शिवाय फायनल ज्युरी ही परीक्षा आहे. समजावणं हे गाइडचं काम, आणि ते सेमिस्टरभर चालू असतं.

नेरूळकर_मामा
तुमच्या सरांनी मॉडेल मोडलं, पण प्रश्न तर विचारला! इथे तेवढंही नाही.

बटरपेपर
मी ठाण्याहून आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते. मूळ शीटला हात लावत नाही. वर बटर पेपर, म्हणजे आरपार दिसणारा पातळ कागद, ठेवते, त्यावर काय ते काढते आणि मुलं तो कागद घरी नेतात. मासळी बाजार असेल तर मी आधी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल ते चित्र, मागेन. "मासे धुतलेलं पाणी ओट्यापासून गटारापर्यंत बोटाने नेऊन दाखव." बारा मीटरचा हॉल, शंभरात एक एवढाच उतार धरला तरी दुसऱ्या टोकाला फरशी 12 सेंटीमीटर खाली जाते. सेक्शनमध्ये जमीन सपाट दिसली, तर पाणी कोळणीच्या पायाशीच साचणार. मग पाऊस. आपल्याकडे तो नैऋत्येकडून तिरपा येतो, त्या बाजूला छप्पर किती पुढे काढलंय? एवढं विचारलं की माझं बोलणं संपतं, कारण मुलगी स्वतःच पेन्सिल उचलते.

आणि एक. "छान आहे, अजून डेव्हलप कर" म्हणणारे ज्युरर मला काट मारणाऱ्यांपेक्षा वाईट वाटतात. काट निदान लक्षात राहते.

टी_स्क्वेअर
हे सगळं मधल्या क्रिटला, म्हणजे सेमिस्टर चालू असताना कामावर चर्चा होते तेव्हा, ठीक आहे. फायनलला तीस पोरं रांगेत उभी असतात. आणि बाई, वरून तुम्हीच रेषा काढून दिलीत तर डिझाइन कुणाचं? आमच्याकडे असे एक गाइड होते. सेमिस्टरअखेर अख्ख्या ग्रुपचे प्लॅन एकाच हाताने काढल्यासारखे दिसायचे.

बटरपेपर
हा टोला बसला. मी पण हे केलंय, एका मुलाचा जिना मीच सोडवून दिला होता. नंतर त्याला विचारलं तर पायऱ्या किती तेही सांगता येईना.

सीबीडी_कट्टा
मार्करचं एवढं काय मनाला लावून घेता? बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत बघा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, 1980च्या दशकातली. सात घरांमध्ये 8 बाय 8 मीटरचं अंगण, भिंत शेजाऱ्याला चिकटू दिली नाही, म्हणजे ज्याला त्याला घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलं, आणि कित्येकांनी मूळ घरच पाडून मजले चढवले. ती पण ज्युरीच की. तिच्या हातात घण होता, एवढंच.

खाडीवारा
मामा, एक विचारू? ओटा किती उंच घेतलाय? माझी आई तीस वर्षं मासे विकते. ती बसून विकते, कोयता पायाखाली धरून. उभं राहायचा ओटा दिलात तर ती त्याच्यावर चढून बसेल.

नेरूळकर_मामा
आत्ता विचारलं. 90 सेंटीमीटर. स्वयंपाकघरातल्या ओट्याचं माप घेतलंय म्हणते. आता आतल्या खोलीत जाऊन बसलीय. पण या खेपेला वही घेऊन गेलीय.

टी_स्क्वेअर
म्हणजे "उचललंय" हे सर खोटं बोलले नव्हते.

नेरूळकर_मामा
नव्हते. पण "ओटा किती उंच?" विचारायला चार शब्दसुद्धा लागत नाहीत, साहेब. मार्क तर गेलेच. रविवारी आम्ही दोघं टेप घेऊन दिवाळ्याला जातोय.

खाडीवारा
या. पण पिशवी आणा. नुसती मापं घ्यायला आलात तर बायका उभं करणार नाहीत.